निदान चुकलं, तर दावा कुठे लावायचा?

मी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या प्रशासकीय इमारतीतल्या ग्राहक आयोगात वकिली करते. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत अर्धा विदर्भ येतो, वरून छिंदवाडा-बालाघाटचे लोक. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत बाहेरगावचेच जास्त. पिशवीत रिपोर्ट असतात आणि पहिला प्रश्न असतो, ‘भरपाई किती मिळेल?’ मी आधी तीन गोष्टी विचारते. तुम्ही राहता कुठे, दवाखान्याला पैसे किती दिले, आणि निदान चुकलं हे कधी कळलं. दावा कुठे चालेल आणि चालेल की नाही, हे बरंचसं यावरच ठरतं.

तुमसरच्या एका ताईंच्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. नागपुरात ईसीजी न काढता अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. ‘मॅडम, दर तारखेले नागपूरले येणं नाही होत’, हेच त्यांचं मोठं दुखणं होतं. यायची गरजच नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. त्यांची तक्रार भंडाऱ्याला लागली. रक्त नागपुरात घेतलं आणि तपासणी मुंबईच्या लॅबमध्ये झाली, रिपोर्ट तिथे चुकला, तरी नागपूरकरानं नागपुरातच तक्रार करावी. हा हक्क जुन्या १९८६ च्या कायद्यात नव्हता. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, तरी ‘दवाखाना जिथे, दावा तिथे’ असं सांगणारे अजून भेटतात.

जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. दवाखान्याला प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. बिल ३ लाखांचं आणि मागणी ७० लाखांची असली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीची फीसुद्धा नाही. मोबदल्याच्या या अटीला आव्हान दिलं गेलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ती कायम ठेवली. म्हणून बिलाच्या आणि औषधांच्या पावत्या जपा. पैसे विमा कंपनीनं भरले असले, तरी तुम्ही ग्राहकच आहात.

मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत उपचार झाले असतील, तर रस्ता वेगळा. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही, आणि केसपेपरच्या नाममात्र पैशांनी तो ग्राहक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या शांता खटल्यात ठरवलं. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत तपासणारा धर्मादाय दवाखाना असेल, तर मोफतवालाही ग्राहक. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाचा कामगारही ग्राहकच, कारण त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते.

सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जावं लागतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात पोटात टॉवेल राहिल्याच्या खटल्यात १९९६ मध्ये शासनाला जबाबदार धरलं गेलं, ते दिवाणी दाव्यातूनच. असा दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्या. इथे मात्र घराजवळचं न्यायालय निवडता येत नाही. चूक जिथे झाली किंवा प्रतिवादी जिथे आहे, तिथेच दावा. म्हणजे मेयोतल्या चुकीसाठी गोंदियाच्या माणसालाही नागपूरलाच यावं लागेल. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं, पण मृत्यूबद्दल वारसांनी लावायच्या दाव्यात मृत्यूपासून दोनच.

ग्राहक आयोगातली मुदत दोन वर्षांची, आणि चुकीच्या निदानात ती कुठून मोजायची हाच खरा वादाचा मुद्दा. बायोप्सीनं किंवा दुसऱ्या डॉक्टरनं चूक उघड केली, त्या दिवसापासून मोजा असं म्हणता येतं. पण त्यावर विसंबून राहू नका. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज राहिलेल्या एका परिचारिकेची तक्रार सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मुदतबाह्य ठरवली, कारण वर्षानुवर्षं दुखत असूनही तिनं दाखवून घेतलं नव्हतं. दुसरं निदान हाती आलं की त्याची तारीख कागदावर लिहून ठेवा आणि पहिल्या दवाखान्याकडे केसपेपर मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरतीच्या नोंदी तीनच वर्षं ठेवायचं बंधन असल्यानं इथेही उशीर परवडत नाही.

निदान चुकलं एवढ्यानं हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. लक्षणं फसवी असू शकतात, आणि प्रामाणिक डॉक्टरचाही अंदाज चुकतो. जी तपासणी कोणत्याही जबाबदार डॉक्टरनं केली असती, ती केली का, हे पाहिलं जातं. हैदराबादच्या एका रुग्णाला मलेरिया असताना टायफॉइडची औषधं दिली गेली. त्या किशन राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, की चूक उघड दिसत असेल तिथे तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही. तरीही तुमचं निदान गुंतागुंतीचं असेल, तर त्याच शाखेच्या डॉक्टरचं लेखी मत मिळवा. फार कमी प्रकरणं त्याशिवाय टिकतात.

पोलिसांत जायची घाई करू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि खासगी फिर्यादीला दुसऱ्या डॉक्टरचं मत जोडावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकतं, भरपाई देत नाही.

ग्राहक आयोगातली तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. वकील परवडत नसेल, तर आपल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.