एका बैठकीत दाताची सिरॅमिक कॅप: स्कॅनपासून सिमेंटपर्यंत

खानापूर-निपाणीहून बसने बेळगावला आलेल्या पेशंटचा दुसरा हेलपाटा वाचवायचा, तर सकाळचीच वेळ द्या. अडीच-तीन तास हाताशी हवेत.

रंग सगळ्यात आधी जुळवा. तोंड उघडं राहून दात सुकला की पांढरट दिसतो, आणि कॅप चुकीच्या शेडची निघते.

लिथियम डायसिलिकेटच्या (एक मजबूत सिरॅमिक) कॅपला दात घासून चावण्याच्या बाजूने दीड मिलिमीटर, कडेला एक मिलिमीटर जागा करा. कोपरे गोलच ठेवा. धारदार कोपऱ्यात मिलिंगचा (मशीनवर कॅप कोरण्याचा) जाड बर, म्हणजे कोरायचं टोक, शिरत नाही. मशीन आतून जास्त कोरतं आणि कॅप नेमकी तिथे पातळ पडते.

खरा घोळ हिरडीजवळ होतो. मिश्रीवाल्यांच्या हिरडीतून रक्त येत असेल तर आज स्कॅन नकोच. आधी दात साफ करून पुढची तारीख द्या. एरवी हिरडी बाजूला सारायला दोरा घाला, कड कोरडी करा, मग स्कॅनर फिरवा.

मिलिंगनंतरची निळसर-जांभळी कॅप बसवून पाहा, पण चावायला लावू नका; कच्ची असते, तडकते. मग साधारण 840 अंश सेल्सिअसला भट्टीत. विजेचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस भट्टीचा भार पेलतो का ते आधीच तपासा.

कॅपला आतून 5 टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड 20 सेकंद, तेही तोंडाबाहेरच. भरपूर धुवा, वाळवा, 60 सेकंद सायलेन (सिमेंटची पकड बसवणारं रसायन). (झिरकोनिया या दुसऱ्या सिरॅमिकवर या ॲसिडचा असा उपयोग नाही.) रेझिन सिमेंट अर्धवट घट्ट होताच फटीतलं जादा सिमेंट फ्लॉसने ओढून काढा, नंतर ते दगड होतं.