रताळ्याचे चिप्स घरी: आच मंद, कान तेलाकडे

बटाट्याच्या वेफर्सची रीत जशीच्या तशी रताळ्याला लावली की पहिलाच घाणा बिघडतो. कडा काळ्या पडतात, मधला भाग वातड राहतो आणि जिभेवर करपट कडवटपणा येतो. रताळ्यात साखर बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त असते. कडक तेलात ती आधी रंग धरते आणि चकतीतलं पाणी नंतर उडतं, म्हणून आतून ओली असलेली चकती बाहेरून झालेली दिसते. रंग बघून काढणारा माणूस इथे हमखास फसतो. चकतीची जाडी, तेलाची आच, काढायची वेळ हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

रताळी कोणती घ्यायची

कोल्हापुरात आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र जवळ आली की कपिलतीर्थ मंडईत नि लक्ष्मीपुरीत रताळ्यांचे ढीग लागतात. आपल्या चंदगड तालुक्यात आणि शेजारच्या बेळगाव भागात रताळ्याचं पीक मोठं. सणाच्या तोंडावर भाव चढतो, त्यामुळे चार दिवस आधी घेतलेली बरी. फार आधीही नको, कारण रताळं ठेवलं की त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होत जाते. उकडून खायला असं मुरलेलं रताळं उत्तम, पण चिप्सना ताजं, कमी गोड रताळंच लागतं.

गुलाबी-लाल सालीचं, आतून पांढरट गराचं रताळं चिप्सना सगळ्यात चांगलं. ते पिठूळ असतं आणि कुरकुरीतपणा टिकवतं. केशरी गराचं रताळं दिसायला सुंदर, त्यात अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्यही भरपूर, पण गर ओलसर असतो, म्हणून त्याची आच आणखी मंद ठेवावी लागते. दोन्ही जाती एकाच घाण्यात कधी टाकू नका. एक होईपर्यंत दुसरी जळते.

सरळ, चार-पाच सेंटीमीटर जाडीची, दीडशे ते अडीचशे ग्रॅमची रताळी निवडा. फार मोठ्यात दोरे निघतात आणि वाकड्यातिकड्यांच्या चकत्या सारख्या पडत नाहीत. सालीवर बारीक भोकं दिसली तर ते रताळं बाजूला ठेवा, ती सोंड्या भुंग्याची खूण आहे. किडीशी झुंजताना रताळं स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं. ती गरात पसरतात आणि तळूनही जात नाहीत. तेवढा भाग कापून उरलेलं वापरायचा मोह टाळा, अख्खं रताळं टाकून द्या. कोंब आलेलं मात्र चालतं. बटाट्यासारखा त्यात विषारी भाग होत नाही, फक्त गर जरा दोरेदार होतो.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. बारा अंशांखालच्या थंडीत रताळ्याचा गाभा कडक होतो, आणि तो शिजवला तरी मऊ पडत नाही. हवेशीर टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

चकत्या आणि पाणी

एक किलो रताळ्यांपासून साधारण तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम चिप्स होतात. चार माणसांच्या घराला दोन संध्याकाळी पुरतात.

रताळी चोळून धुवा, साल काढा. साल पातळ आणि डागविरहित असेल तर ठेवली तरी चालते, पण मग माती जाण्यासाठी ब्रशने घासणं आलंच. कापल्यावर पांढरा चीक येतो आणि हाताला चिकटून काळा पडतो. आधी बोटांना तेलाचा हात लावलात तर सहज निघतो.

चकती दीड मिलिमीटरची हवी. वेफर्सच्या किसणीला पातळ-जाड करायचा स्क्रू असेल तर एक चकती पाडून बोटावर ठेवा. ती अलगद वाकली पाहिजे, पण आरपार दिसता कामा नये. एक मिलिमीटरपेक्षा पातळ चकती क्षणात जळते, दोनपेक्षा जाड आत चिवट राहते. सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या असणं हे त्यांच्या आकारापेक्षा जास्त महत्त्वाचं. सुरीने एवढी सारखी जाडी साधत नाही, किसणीच वापरा, आणि रताळ्याचा शेवटचा तुकडा बोटांऐवजी काट्यात धरा.

चकत्या किसणीखालीच पाण्यात पडू द्या. एक लिटर गार पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हवेशी संबंध तुटल्याने त्या काळ्या पडत नाहीत, वरचं सुटं पीठ आणि थोडी साखर धुऊन निघते आणि मीठही किंचित आत मुरतं. उपवासाचे करायचे असतील तर सैंधव वापरा.

रताळी फारच गोड असतील तर आणखी एक पायरी करा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, चकत्या त्यात एक मिनिट टाका आणि लगेच गार पाण्यात काढा. वरवरची साखर उतरते, रंग एकसारखा येतो. पाणी उकळतंच हवं आणि चकत्या थोड्याथोड्या टाका, म्हणजे उकळी बसणार नाही. रताळ्यातलं एक विकर (एन्झाइम) साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान पिठाची भराभर साखर करतं, त्यामुळे कोमट पाण्यात रेंगाळलेल्या चकत्या आधीपेक्षा गोड होतात आणि तळताना जास्तच करपतात.

आता कोरड. जुन्या सुती धोतरावर किंवा पंचावर चकत्या एकेक पसरा, वरून दुसरा पंचा दाबा, मग पंख्याखाली पंधरा मिनिटं. पाण्याचा चकाकता थर गेला की पुरे. ओली चकती तेल उडवते, तेलाचं तापमान पाडते आणि तेल पिते. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओलसर असते की पंखा एकटा पुरत नाही, पंचा दोनदा बदलावा लागतो. उलट फार वेळ ठेवलंत तर चकत्या सुरकुततात आणि कडा आधी जळतात.

तळण

नऊ इंची कढईत एक लिटर शेंगतेल घ्या. लाकडी घाण्याचं तेल चवीला सुरेख लागतं, पण फेसाळतं आणि लवकर धूर धरतं. ते वापरायचं तर चांगलं निवळलेलं घ्या आणि कढई निम्म्याच्या वर भरू नका.

तेलाचं तापमान दीडशे ते एकशे साठ अंश. बटाट्याला एकशे ऐंशीपर्यंत चालतं, रताळ्याला नाही. तापमापक नसेल तर एक चकती टाकून बघा. ती तळाला जाऊन तीन-चार सेकंदांत शांत बुडबुड्यांसह वर आली तर तेल बरोबर आहे. टाकताक्षणी वर उसळून अर्ध्या मिनिटात कडा तांबूस झाल्या तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. तळालाच बसून राहिली तर अजून तापवा.

एका घाण्यात पंधरा-वीस चकत्या, जास्त नकोत. एकेक सोडा, मूठभर एकदम टाकल्या की चिकटतात. पहिलं अर्धं मिनिट झारा घालू नका. मग हलक्या हाताने खालीवर करत राहा. मध्यम-मंद आचेवर एका घाण्याला साडेतीन ते चार मिनिटं लागतात.

आता कान तेलाकडे. सुरुवातीला जोरात तडतड येते, ते चकतीतलं पाणी वाफ होऊन सुटतंय. दोन मिनिटांनी बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो. तो जवळपास थांबला आणि चकतीच्या कडेला तुरळक बुडबुडे उरले की लगेच काढा. रंग तेव्हा फिकट सोनेरी असतो आणि चकती झाऱ्यावर थोडी मऊच लागते. घाबरू नका. वितळलेली साखर गार होताना काचेसारखी घट्ट होते, आणि कुरकुरीतपणा बाहेर आल्यावर एक-दोन मिनिटांत येतो. कढईतच कडक होईपर्यंत थांबलात तर ताटात येईस्तोवर ती करपलेली असते. गडद तपकिरी तळणीत ॲक्रिलामाइड नावाचं अपायकारक द्रव्यही जास्त तयार होतं, तेव्हा सोनेरीवर थांबणं तब्येतीच्याही हिताचं.

पहिल्या घाण्यातली एक चकती दोन मिनिटं गार करून मोडून बघा. टचकन तुटली तर पुढचे घाणे त्याच वेळेने काढा. वाकली तर पुढच्याला वीस सेकंद जास्त द्या.

चिप्स जाळीच्या चाळणीत काढा. कागद हवाच असेल तर कोरा टिश्यू वापरा, वर्तमानपत्र नको, गरम तेलात छपाईची शाई उतरते. दर दोन घाण्यांनी बारीक झाऱ्याने तेलातला चुरा काढून टाका. हा गोड चुरा जळला की पुढच्या सगळ्या चिप्सना काळे ठिपके आणि कडवट वास लागतो.

केळी वेफर्सवाले तळतानाच कढईत मिठाचं पाणी शिंपडतात ते पाहून घरी तसं करू नका. लहान कढईत ते तेल अंगावर उडतं.

घाणा बिघडला तर

गार झाल्यावर मऊ राहिलेले चिप्स दीडशे अंशांच्या तेलात तीस-चाळीस सेकंद परत सोडा, किंवा ओव्हनमध्ये एकशे वीस अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवा. तेलकट झाले असतील तर तेल थंड होतं किंवा घाणा मोठा होता. कडा काळ्या आणि मध्य पांढरा, म्हणजे आच जास्त. काही चकत्या झाल्या आणि काही कच्च्या, म्हणजे किसणीवर हात सारखा पडला नाही. करपलेल्याला उपाय नाही, ते चांगल्यांत मिसळू नका.

एअर फ्रायरमध्ये करायचे तर कोरड्या चकत्यांना किलोमागे दोन मोठे चमचे तेल चोळा आणि एकशे पन्नास अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, दर चार मिनिटांनी हलवत ठेवा. पातळ चकत्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतात, म्हणून वर जाळी ठेवा. चव बरी येते, पण तळलेल्याची सर नाही.

तिखटमीठ आणि साठवण

मीठ मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करा आणि चिप्स गरम असतानाच भुरभुरा, गार चिप्सवर ते ठरत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या एक किलो रताळ्यांच्या चिप्सना अर्धा चहाचा चमचा पुरे. उपवासाला सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि घरात चालत असेल तर लाल तिखट. रताळ्याच्या गोडीला तिखट भरपूर लागतं. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला लवंगी अशी दोन्ही मिसळलीत तर रंगही येतो आणि तिखटपणाही.

कांदा-लसूण चटणी थेट चिप्सवर टाकू नका. ती भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची, तेलाने ओलसर असते, पाच मिनिटांत चिप्स लोळागोळा होतात. एक वाटी घट्ट दही फेटून त्यात चहाचा एक चमचा चटणी आणि चिमूटभर मीठ घाला, आणि चिप्स त्यात बुडवून खा. गोड, आंबट आणि जाळ एकाच घासात मिळतात. उपवास असेल तर दह्यात दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि जिरं.

मिसळीवर टाकायचे तर कट ओतल्यावर अगदी शेवटी, फरसाणाच्या जोडीने मूठभर. चुरा उरला की भेळेत घाला, मग चिंचेच्या पाण्यातला गूळ निम्मा करा.

चिप्स पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. कोमट भरले तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. पावसाळ्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त उघडे ठेवू नका, मीठ हवेतली ओल ओढतं. उन्हाळ्यात दहा-बारा दिवस, आषाढात पाच-सहा दिवस टिकतात, पुढे तेलाला खवट वास येऊ लागतो. आषाढी एकादशीला विठ्ठलदर्शनासाठी कोल्हापूरजवळच्या नंदवाळला पायी जाणाऱ्यांनी बरोबर न्यायचे तर आदल्या दिवशी तळावेत, तिखटाची पुडी वेगळी बांधावी आणि निघताना लहान डबे भरून घ्यावेत. मोठा डबा वाटेत दहा वेळा उघडला की सगळेच सादळतात.

तळलेले चिप्स शेवटी तळलेलेच. उपवासाचे म्हणून हलके होत नाहीत, आणि मधुमेह असलेल्यांनी एका वेळी लहान मुठीवर थांबावं.

महाशिवरात्रीनंतरचं वाळवण

महाशिवरात्रीला स्वस्त मिळालेली रताळी उन्हाळ्याच्या वाळवणात उपयोगी पडतात. चकत्या दोन मिलिमीटरच्या पाडा, कारण वाळल्यावर त्या आकसतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. कडा अर्धपारदर्शक झाल्या की काढा, जास्त शिजल्या तर कापडाला चिकटून फाटतात. गच्चीवर स्वच्छ कापडावर दोन कडक उन्हं द्या, संध्याकाळी आत घ्या. मोडल्यावर खणखणीत तुटली की डब्यात भरा. अशा चकत्या पुढच्या आषाढीपर्यंत सहज राहतात.

यांत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तळायला दहा-पंधरा सेकंदच लागतात आणि आवाजाची खूणही मिळत नाही. तेल मंद तापवा, चार-पाच चकत्याच सोडा, फुलल्या की त्याच क्षणी काढा. पुढचा घाणा टाकण्याआधी गॅस बारीक केलाय ना, ते एकदा बघून घ्या.