विंडोज सोडून मिंटला येणाऱ्यांसाठी, आधी आलेलीकडून

मी इथे, म्हणजे लिनक्स मिंटवर, २०१४ साली आले. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार. त्या वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, आणि आमच्या मुलुंडच्या घरातल्या डबड्याला पुढचं विंडोज झेपत नव्हतं. भाच्याने लिनक्स मिंट १७ ची पेनड्राइव्ह हातावर ठेवली, "मामी, एकदम सोप्पं आहे" म्हणाला आणि पुण्याला निघून गेला. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही तीच गत झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीचा एक भाग) लागतं आणि इंटेलची चिप असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढची. म्हणून चांगले धडधाकट पीसी एकाएकी म्हातारे ठरले. आमच्या सोसायटीतच चार घरांतून विचारणा झाली. चौघांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते.

कोणतं लिनक्स? मिंट, सिनॅमनवालं. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीईवालं. (हे मिंटचे पडद्यावरचे दोन चेहरे, दुसरा हलका.) पुढे चला.

आता जे सांगणार आहे ते दोनदा वाचा. विंडोजमध्ये आपल्याला 'सी ड्राइव्ह' आणि 'डी ड्राइव्ह' दिसतात. सीवर विंडोज, डीवर आपलं सामान, हे एमएस-सीआयटीपासून डोक्यात बसलेलं. (त्यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे. मलाही पुष्कळ वर्षं मायक्रोसॉफ्टच वाटायचं.) मिंटच्या इन्स्टॉलरने विचारलं, 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट'? मी म्हटलं, पुसा की, विंडोजच तर जाणार आहे, फोटो डीवर आहेत. दाबलं.

माझं माहेर गिरगावातलं. चाळीतली एक खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पुढे 'हॉल', मागे 'किचन'. पाहुण्यांना सांगताना दोन खोल्या, भाडेपावतीवर एकच. सी आणि डीचंही बहुतेक घरगुती पीसींत हेच असतं: डिस्क एक, मध्ये पार्टिशन. खोली रिकामी करा म्हटल्यावर कोणी फक्त हॉल रिकामा करत नाही. इन्स्टॉलरनेही केला नाही. मुलीच्या बारशापासून ती तिसरीत जाईपर्यंतचे सगळे फोटो गेले. नवऱ्याने आवाज चढवला नाही, नुसता खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, तो पुसलेल्या डिस्कवरून फाइली उकरून काढतो. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी होती म्हणून पुष्कळ मिळालं. एसएसडी (न फिरणारी, चिपवाली नवी डिस्क) असती तर बहुधा काहीच हाती लागलं नसतं. पण फोटोरेक फाइलीचं नाव आणि फोल्डर आणत नाही. क्रमांकाचे फोल्डर, त्यांत क्रमांकाच्या फाइली. बारशाच्या पाळण्याशेजारी कुठल्यातरी वेबसाइटची जाहिरात, तिच्याशेजारी कोणाचा तरी अर्धाच चेहरा, खाली राखाडी पट्टा. मी दोन दिवाळ्या ते निवडत बसले होते. शाळेतल्या पहिल्या दिवसाचा फोटो अजून सापडलेला नाही.

म्हणून माझा नियम, आणि ह्यावर मी वाद घालत नाही: जुन्या डिस्कवर लिनक्स टाकायचंच नाही. नवी एसएसडी घ्या, जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. मिंट टाकायला बसाल तेव्हा ती डिस्क डब्यात असताच कामा नये. मग चुकून काय पुसाल? वर यूएसबीचं केसिंग घेतलंत तर जुनी डिस्क त्यात घालून सावकाश, एकेक फोल्डर आणता येतं. शिवाय जुना पीसी एसएसडीवर जितका पळतो, त्यातलं निम्मं श्रेय लोक उगाच लिनक्सला देतात.

"क्लाउडवर आहे सगळं" म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या मोबाइलवर लॉगिन करून खरंच आहे का ते पाहून यावं. आणि लॅपटॉप अलीकडचा असेल तर त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, गुपचूप चालू असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर बाहेर काढलेली डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की आधी कागदावर. कागदावर म्हणजे कागदावर, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तेच केलं होतं.

पेनड्राइव्ह बनवणं, तिच्यावरून चालू करणं, ते तुम्हाला जमेलच. मात्र पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉल दाबू नका. तसंच एक संध्याकाळ वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर बघा. मुंबईतल्या निम्म्या घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत तेच ते दोन-तीन लेझर प्रिंटर आहेत. त्यांतला एचपी लेझरजेट १०२० फर्मवेअर (स्वतः चालण्याचा प्रोग्राम) स्वतःकडे ठेवतच नाही, दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरकडे मागतो. त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्सवाल्या सॉफ्टवेअरचं) प्लगइन एकदा बसवावं लागतं, मग आयुष्यभर कटकट नाही. काही मॉडेलं मात्र स्वतःचीच बोली बोलतात आणि त्यांचे लिनक्सचे ड्रायव्हर म्हणजे देवाची करणी. तसा प्रिंटर असेल तर नवा घेईपर्यंत पीडीएफ करून खालच्या दुकानातून प्रिंट आणा.

मराठीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. टायपिंग अजिबात अडत नाही. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाणित कीबोर्डची मांडणी) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, सगळं तसंच. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस नावाचं टायपिंगचं साधन बसवा. अडतं ते पुढे. लिब्रे ऑफिस (एमएस ऑफिसच्या जागचं फुकट ऑफिस) इंग्रजी मजकुराचा फाँट वेगळा धरतं आणि देवनागरीचा वेगळा. स्टाइलमध्ये जाऊन तुम्ही वरचा आकार १४ करता, इंग्रजी शब्द फुगतात आणि मराठी आहे तिथेच. पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असतं, तिथे मराठी निवडा, मग स्टाइलमध्ये देवनागरीसाठी वेगळी जागा उघडते.

दुसरं, मंगल हा फाँट विंडोजचा. तो इथे नसतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि ओळी सरकतात. आमच्या सेक्रेटरींनी पाठवलेली पाणीकपातीची नोटीस माझ्याकडे दुसऱ्या पानावर गेली, आणि त्या पानावर एकटं 'आपला नम्र'. मी आता मुक्ता वापरते. मुंबईच्याच 'एक टाइप' ह्या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट, आणि विंडोजवाल्यांनाही घालता येतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेल्या फाइली असतील तर निघण्याआधी विंडोजमध्येच युनिकोड करून घ्या. इथे आणल्यावर त्या बाराखडीचं भरीत दिसतील. माझ्या सासऱ्यांचं गावच्या देवळाच्या ट्रस्टचं इतिवृत्त असंच पडून आहे.

सॉफ्टवेअर हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच. वेबसाइटवरून सेटअप उतरवून डबल क्लिक करायची खोड सोडा. अँटिव्हायरस विकत घेऊ नका.

गावाकडचं घर, म्हणजे विंडोज, मात्र विकू नका. हिशेबाचं टॅली इथे सरळ चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं असं म्हणतात आणि चालतंही, पण रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री ते चालवून बघायची वेळ तुमच्यावर न येवो. पोरांचे काही ऑनलाइन गेम इथे उघडतच नाहीत. वॅलोरंट नाही म्हणजे नाही, वाद नको. ज्यांना ह्यातलं काही लागतं त्यांनी विंडोजची डिस्कही ठेवावी आणि लाजू नये. आमच्यातले काही कट्टर लोक ह्यावर नाकं मुरडतात. त्यातल्या एकाच्या घरी मी बायकोचा वेगळा, विंडोजचा लॅपटॉप पाहिला आहे.

दोन्ही ठेवलंत तर दोन गोष्टी होतात. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर शट डाउन केलेलं विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्याची डिस्क नुसती वाचता येते, काही लिहिता येत नाही. आणि घड्याळ. मदरबोर्डवरची वेळ विंडोज इथलीच समजतं, लिनक्स ग्रीनिचची. म्हणून लिनक्समधून विंडोजला गेलात की सकाळी सव्वानऊला पावणेचार वाजलेले दिसतात. माझ्या जाऊबाईंनी दोनदा मदरबोर्डचा सेल बदलला. सेल ठणठणीत होता. लिनक्सला एकदा सांगून ठेवता येतं की इथलीच वेळ धर.

आता आमच्या लोकांविषयी. मदत भरपूर करतात, पण काहींना तुमच्या अडचणीपेक्षा स्वतःचा टर्मिनल दाखवण्यात रस असतो. विचारलं की काळ्या पडद्यावर चिकटवायला चार ओळी देतात. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती, पुढे सुडो (मालकाच्या अधिकाराने हुकूम चालवणारा शब्द) असो वा नसो, चिकटवू नका. दुसरी जात दर महिन्याला लिनक्स बदलणाऱ्यांची. त्यांच्या घरी सामान कायम खोक्यातच. शांतपणे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत. पडदे जुने दिसतात, शिकवणं नीट आहे.

लिनक्सच्या ह्या देशात कोणी काही विकायला येत नाही, हे पहिल्या आठवड्यात फार सुखाचं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात कळतं की ओरडायलाही कोणी नाही. सवय होते.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर ते सिस्टिम मागे नेतं. पण टाइमशिफ्ट म्हणजे बॅकअप नव्हे! तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते धरत नाही. त्यांच्यासाठी वेगळी डिस्क, महिन्यातून एकदा. परत सांगते, वेगळी डिस्क. त्याच डिस्कचं पार्टिशन नव्हे.

एसएसडी आणि केसिंगसाठी लॅमिंग्टन रोड, बोर्डावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, ग्रँट रोडला उतरून चालत जाता येतं. जुनी डिस्क बरोबर न्या आणि दुकानदाराला दाखवून अडीच इंची की साडेतीन ते विचारून त्या मापाचं केसिंग घ्या. साडेतीनवाल्याला वेगळा अडॅप्टर लागतो, तो खोक्यात आहे ना ते तिथेच उघडून बघा. डिस्क दुकानात ठेवून चहाला जाऊ नका. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.