दूध केंद्राचा हिशेब एसक्यूलाइटमध्ये ठेवताना

कऱ्हाडजवळच्या एका गावात माझे मामा दूध संकलन केंद्र चालवतात. दोन्ही वेळच्या मिळून दोनशेच्या आसपास नोंदी होतात: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. दर दहा दिवसांनी बिल. हे सगळं वहीत चालायचं. मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहून दिला आणि माहिती ठेवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस घेतला.

कारण सरळ होतं. पहाटे साडेपाचला सर्व्हर बंद पडला तर तो चालू करणारं तिथे कोणी नाही. एसक्यूलाइटला सर्व्हरच नसतो. ते प्रोग्रामच्या आतच चालतं आणि सगळी टेबलं एका फाइलीत राहतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहायला घेतलं, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसायचा. मामांची अडचण तीच होती.

पायथनमध्ये वेगळं काही बसवावं लागत नाही, एसक्यूलाइट-३ हे मॉड्यूल सोबतच येतं. डेटाबेसशी जोडणी उघडली की आधी दोन प्राग्मा, म्हणजे सेटिंगच्या आज्ञा, द्या. पहिला, फॉरेन कीज (नोंदीतला संदर्भ दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, ही तपासणी) चालू करण्याचा. हा मुळात बंद असतो आणि प्रत्येक जोडणीला नव्याने द्यावा लागतो. नाही दिला तर यादीत नसलेल्या सभासदाच्या नावावरही दूध जमा होतं. दुसरा, जर्नल मोड ‘वॉल’ करण्याचा, म्हणजे नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिण्याचा. हा एकदा दिला की फाइलीतच नोंदला जातो. त्याने एकीकडे बिलं छापली जात असताना दुसरीकडे काट्यावरची नोंद अडत नाही. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. दुसऱ्याने किती वेळ थांबायचं ते टाइमआउटमध्ये सांगा, पायथनमध्ये ते मुळात पाच सेकंद असतं.

वेग वाढवायला सिंक्रोनस (नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत किती थांबायचं ती सेटिंग) ‘नॉर्मल’ करा, असा सल्ला बरेच जण देतात. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून मी ‘फुल’च ठेवलं आहे. वॉलसोबत ‘नॉर्मल’ असेल तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी पुसल्या जाऊ शकतात. कुणाच्या तरी म्हशीचं सकाळचं दूध हिशेबातून जाणं मला चालणार नाही.

टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहाच, म्हणजे आकड्याच्या रकान्यात मजकूर जाणार नाही. ही सोय २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आहे. मी ती वापरली नव्हती आणि पहिल्याच बिलाला घोळ झाला. मामांनी मराठी कीबोर्डवरून फॅट देवनागरी आकड्यांत टाकला होता, ‘४.२’ असा. एसक्यूलाइटला देवनागरी आकडे हे आकडे वाटतच नाहीत. त्याने ती नोंद मजकूर म्हणून मुकाट ठेवून दिली आणि बेरजेत शून्य धरली. स्ट्रिक्ट असतं तर नोंद करतानाच चूक दाखवली असती. उपाय सोपा आहे: आलेला मजकूर आधी पायथनच्या फ्लोटमधून (मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनमधून) काढा, त्याला देवनागरी आकडे कळतात. रक्कम मात्र रुपयांत नाही, पैशांत मोजून पूर्णांकात साठवा.

आता नावांचं. आपल्या भाषेत काम करणाऱ्याने इथे वेळ द्यायलाच हवा. ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टंकता येतं: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एसक्यूलाइट बाइट जुळवतं, त्यामुळे शोधताना निम्मे सभासद सापडत नाहीत. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांचं एक ठरलेलं) रूप करूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. म्हणून नोंद आत जाण्याआधी आणि शोधण्याआधी मी एकाच फंक्शनमधून दुसरं रूप पहिल्यात बदलून घेतो, मग एनएफसी करतो.

क्रमवारीतही असंच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून यादीत काळे आधी आणि कासार मागून येतात. मामांना वहीतल्यासारखी यादी हवी होती. पायथनच्या क्रिएट-कोलेशन या फंक्शनने स्वतःचा क्रम देता येतो, पण तोही प्रत्येक जोडणीला नोंदवावा लागतो.

नाव, लिटर अशी माहिती एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या) वाक्यात चिकटवू नका, तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी द्या. जुन्या वहीतल्या नोंदी भरताना प्रत्येक ओळीला कमिट (बदल पक्के) करू नका. हजारो ओळी एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) घाला, फरक लगेच कळेल. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून फाइलीला जे कुलूप लागतं, त्याचा तिथे भरवसा नसतो. चार गावांची केंद्रं एकाच डेटाबेसला जोडायची असतील तर पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या.

राहिला बॅकअप. प्रोग्राम चालू असताना मी मुख्य फाइल पेनड्राइव्हवर उचलली होती. उघडून पाहिली तर त्या सकाळच्या नोंदीच नाहीत, कारण त्या अजून शेजारच्या वॉल फाइलीत होत्या. तेव्हापासून एसक्यूलाइटची ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा वापरतो, त्यातून पूर्ण आणि एकसंध प्रत मिळते. बिलाच्या आदल्या रात्री ती प्रत माझ्या लॅपटॉपवर उघडतो, इंटिग्रिटी चेक (फाइल बिघडली नाही ना, ही तपासणी) चालवतो, आणि सभासदांची संख्या मामांना फोनवर विचारून ताडून बघतो.