गिटारच्या रेकॉर्डिंगमधली घूंऽऽ: दोष अर्थिंगचा निघाला

मालवणात घरी लॅपटॉपवर इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करताना सतत घूंऽऽ यायची. तारांवर हात ठेवला की कमी, उचलला की पुन्हा सुरू. केबल बदलली, बफर साईज (लॅपटॉप आवाज एका वेळी किती तुकड्यात हाताळतो ते) वाढवली (तिचा याच्याशी संबंधच नाही). दोन महिने डोक्याला ताप.

चार्जर काढल्यावर आवाज निम्मा झाला, तिथे धागा सापडला. सॉकेटला मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज-अर्थ जेमतेम ९०. दोन्ही जवळपास सारखे हवेत, म्हणजे अर्थिंगच ढिलं. वायरमनने मेन स्विच बंद करून अर्थिंगच्या खड्ड्यातली तांब्याची पट्टी सोडवली. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली, बोटाला भुकटी लागत होती. पॉलिश पेपरने घासली, नवा नटबोल्ट आवळला, वर ग्रीस, मग खड्ड्यात दोन कळश्या पाणी. फेज-अर्थ २२८!

चार्जर मात्र तीन पिनांचाच लावा, तिसरी पिन अर्थिंगची. उरलेली बारीक गुणगुण सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपनं टिपणारं गिटारवरचं एकाच वेटोळ्याचं चुंबक). मॉनिटरपासून तिरकं बसल्यावर तीही गेली.