कोंबड्या आजारी पडल्या की आधी औषध शोधता? या चुका टाळा

दर पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या नव्या शेडवाल्यांचा मला एकच फोन येतो: "दादा, पिल्लं सुस्तावलीत, कुठलं अँटिबायोटिक सोडू?" विष्ठा बघितलीस का, मेलेलं पिल्लू कुणाला दाखवलंस का, तर नाही. घाई फक्त औषधाची.

या घाईत माझी एक बॅच गेली. पिल्लं पंचवीस दिवसांची, आठवडाभर झड लागलेली, पडदे रात्रंदिवस खाली. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा व्हायला लागली. दुकानदाराने सर्दीची बाटली दिली, मी तीन दिवस पाण्यातून पाजली. मर वाढतच गेली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू कापलं. आतड्याच्या शेवटाकडच्या दोन्ही पिशव्या रक्ताने तट्ट भरून काळपट पडल्या होत्या. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस). ती एकपेशीय परजीवीमुळे होते आणि शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं झालं की ते तिला पोसतं. तिथे सर्दीची बाटली काय करणार? कॉक्सीवरचं औषध, अँप्रोलियम हवं होतं. तुसावरचे रक्ताचे डाग तीन दिवस माझ्या पायाखाली होते.

तेव्हापासून रोज सकाळी ड्रिंकरखालचं तूस मुठीत दाबून बघतो. गोळा झाला की तेवढं काढून कोरडं पसरतो. पाऊस असला तरी पडदा वरून वीतभर उघडाच; अमोनियाने डोळे चुरचुरेपर्यंत थांबत नाही.

अधूनमधून पडणारी चॉकलेटी, चिकट विष्ठा मात्र निरोगी कोंबडीचीच असते. तिला बघून औषध सुरू करू नका.

आजारी पक्ष्याच्या श्वासाची घरघर दिवसा पंख्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. रात्री दिवे घालवून पाच मिनिटं गप्प उभे राहा.

पाणी रोज मोजा. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितात. ते घटलं की काहीतरी बिनसलंय.

लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत) लस, क्लोरीनच्या पाण्यात घातली की मरते. मग मानमोडी आली की लस बोगस म्हणायची, हे बरं नाही.

तपासणीसाठी मेलेला पक्षी बर्फात न्या, फ्रीझरमध्ये गोठवू नका.

आणि एका रात्रीत ढिगाने पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर स्वतः कापायला बसू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी शेड बंद करा, पक्षी विकू नका, कुणाला आत सोडू नका आणि त्याच तासाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.