मेलबर्नहून क्वीन्सलँडला बिऱ्हाड हलवताना

मेलबर्नमध्ये काही वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबांत हिवाळा आला की क्वीन्सलँडचा विषय निघतोच. जुलैमध्ये मेलबर्नचे सरासरी कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास असते, त्याच दिवसांत ब्रिस्बेनमध्ये ते २२, तर टाऊन्सव्हिल आणि केर्न्समध्ये २५ ते २६ अंश असते. शाळेच्या सुटीत आठवडाभर तिकडे राहून आलेल्या माणसाला तिथेच जाऊन राहावेसे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र हा निर्णय जुलैमधल्या सुटीच्या भरवशावर घेऊ नये. जे गाव मनात आहे ते फेब्रुवारीत, भर पावसाळ्यात आणि उकाड्यात, सगळ्या कुटुंबाने जाऊन पाहावे. मुलांना शाळा सुटण्याच्या वेळी तिथल्या रस्त्यावर चालवून बघावे, रात्री पंख्याखाली झोपून बघावे आणि त्यानंतरही मन तयार असेल तरच पुढच्या तयारीला लागावे.

क्वीन्सलँड हे एकच हवामान असलेले राज्य नाही. मेलबर्नहून ब्रिस्बेन रस्त्याने सुमारे १,७०० किलोमीटर आहे आणि ब्रिस्बेनहून केर्न्स पुन्हा जवळपास तेवढेच दूर आहे. केर्न्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ १७ अंशांवर येते, म्हणजे रत्नागिरी उत्तरेला जितकी दूर आहे तितकेच. कोकणात बालपण गेलेल्यांना तिथली हिरवाई, शेवाळ आणि कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास ओळखीचा वाटेल, फक्त तिथला पाऊस डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो. टाऊन्सव्हिल केर्न्सहून बरेच कोरडे आहे. तिथे जेम्स कुक विद्यापीठ, मोठे सरकारी रुग्णालय आणि लष्कराचा तळ असल्याने पर्यटनावर न विसंबणाऱ्या नोकऱ्या मिळतात. ब्रिस्बेनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर असलेला सनशाइन कोस्ट, म्हणजे कलाउंड्रा, मरूचीडोर, बुडरिम, नॅम्बोर हा पट्टा, लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी मला सर्वांत समतोल वाटतो. उन्हाळा सोसण्याजोगा असतो, २०१७ साली बर्टिन्या येथे सुरू झालेले विद्यापीठ रुग्णालय जवळ आहे, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस ब्रिस्बेनच्या कार्यालयात जावे लागले तरी नॅम्बोरहून रेल्वेने साधारण दोन तासांत पोहोचता येते. ऑगस्ट २०२४ पासून राज्यातील सार्वजनिक वाहतुकीचे भाडे एका फेरीला ५० सेंट झाले आहे, त्यामुळे या प्रवासात पैशापेक्षा वेळच अधिक खर्च होतो.

जागा ठरवण्याआधी व्हिसाच्या अटी वाचाव्यात, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. ४९१ या प्रादेशिक व्हिसावर असलेल्या कुटुंबाला ‘रीजनल’ ठरवलेल्या भागातच राहावे आणि काम करावे लागते. नोव्हेंबर २०१९ पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता उरलेला सर्व देश त्यात मोडतो, म्हणून मेलबर्नजवळच्या जिलाँगहून सनशाइन कोस्टला जाणे नियमात बसते, पण ब्रिस्बेन शहरात घर घेणे बसत नाही. १९० व्हिसा व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्यात येते त्या राज्याच्या, नामांकनावर मिळालेला असेल तर त्या राज्यात दोन वर्षे राहण्याची जी हमी आपण दिलेली असते, ती आधी पुरी करावी. नोकरी देणाऱ्या मालकाच्या नामांकनावर मिळालेल्या ४८२ व्हिसावरील माणसाने नव्या मालकाचे नामांकन मंजूर होईपर्यंत घराचा करार मोडू नये.

नोकरीच्या बाबतीत घरातल्या दोघांचाही विचार एकाच वेळी करावा. एकाला चांगली नोकरी मिळाली म्हणून निघालेले कुटुंब दुसऱ्याचे काम न जुळल्याने वर्षभरात परत येते, आणि लहान शहरात दुसरी नोकरी शोधणे मेलबर्नपेक्षा बरेच अवघड असते. डॉक्टर आणि परिचारिकांची नोंदणी २०१० पासून राष्ट्रीय पातळीवर होत असल्याने त्यांना नव्याने काही करावे लागत नाही. शिक्षकांना मात्र ‘क्वीन्सलँड कॉलेज ऑफ टीचर्स’ या शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे परस्पर मान्यतेखाली अर्ज करावा लागतो. बालसंगोपन केंद्रात किंवा मुलांशी संबंधित इतर कामात जाणाऱ्यांना ‘ब्लू कार्ड’, म्हणजे मुलांसोबत काम करण्याचा परवाना, हातात आल्याशिवाय एक दिवसही काम सुरू करता येत नाही. व्हिक्टोरियाचे कार्ड तिथे चालत नाही, म्हणून हा अर्ज निघण्याच्या कित्येक आठवडे आधी करावा. मेलबर्नचीच नोकरी घरून करणार असाल तर वेळेतला फरक लक्षात घ्यावा. क्वीन्सलँडच्या मतदारांनी १९९२ च्या सार्वमतात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची मेलबर्नसारखी पद्धत नाकारली, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल मेलबर्नमधली नऊची बैठक तुमच्याकडे आठ वाजता असेल. भारताशी असलेला फरक मात्र वर्षभर साडेचार तासच राहतो, आणि आई-वडिलांना रोज ठरलेल्या वेळी फोन करणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे.

मुलांच्या शाळेसाठी योग्य वर्ष निवडणे हा या सगळ्या बेताचा कणा आहे. क्वीन्सलँडमध्ये प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या सर्वांत पहिल्या वर्गात, जाण्यासाठी मुलाला त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तर व्हिक्टोरियात ही मर्यादा ३० एप्रिलची आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये जन्मलेले जे मूल मेलबर्नमध्ये अजून किंडरमध्ये, म्हणजे बालवाडीत, असेल, ते तिथे त्याच वर्षी शाळेत जाण्यास पात्र ठरू शकते. घाई करावी की थांबावे, हे मुलाकडे बघून आणि शाळेशी बोलून ठरवावे. माध्यमिक शाळा दोन्ही राज्यांत सातवीपासून सुरू होते, म्हणून सहावी संपवून सातवीच्या आरंभी केलेले स्थलांतर मुलांना सर्वांत कमी जड जाते, कारण त्या वर्गात सगळेच नवे असतात. अकरावी-बारावीच्या मध्ये मात्र राज्य बदलू नये. व्हिक्टोरियाची व्हीसीई आणि क्वीन्सलँडची क्यूसीई या अकरावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची रचना वेगळी आहे. क्वीन्सलँडमध्ये गणित आणि विज्ञान विषयांत निम्मे गुण वर्षाअखेरच्या बाह्य परीक्षेवर असतात, आणि पुष्कळ शाळा बारावीचा पहिला भाग अकरावीच्या चौथ्या सत्रातच सुरू करतात. मूल दहावीत असेल तर वर्ष संपताच निघावे. ते जमत नसेल तर बारावी होईपर्यंत थांबण्यातच त्याचे हित आहे. सरकारी शाळेचा प्रवेश पत्त्यावर अवलंबून असतो आणि मागणी असलेल्या शाळा हद्दीबाहेरच्या मुलांना सहसा घेत नाहीत, म्हणून आधी शाळा ठरवावी, एडमॅप या सरकारी नकाशावर तिची हद्द पाहावी आणि मगच घर शोधावे.

पहिल्या वर्षी घर भाड्यानेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. एक पूर्ण पावसाळा डोळ्यांसमोर गेल्याशिवाय कोणत्या गल्लीत पाणी साचते, कोणता ओढा फुगतो आणि कोणता पूल बंद होतो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अनामत रक्कम चार आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती घरमालकाकडे न राहता रेसिडेन्शियल टेनन्सीज अथॉरिटीकडे जमा होते. भाडेवाढ बारा महिन्यांतून एकदाच करता येते, आणि जून २०२४ पासून हा नियम भाडेकरूला नव्हे तर घराला लागू असल्याने, आधीच्या भाडेवाढीची तारीख करारात पाहून घ्यावी. घर पाहताना प्रत्येक झोपायच्या खोलीत पंखा आहे का, मुख्य खोल्यांत एसी आहे का, आणि दुपारचे पश्चिमेचे ऊन कुठल्या भिंतीवर येते, हे बघावे. खांबांवर उभी असलेली, लाकडी आणि रुंद व्हरांड्याची जुनी ‘क्वीन्सलँडर’ घरे उन्हाळ्यात वारा खेळवतात, पण जुलैच्या पहाटे त्यांच्या फटींतून येणारी थंडी मेलबर्नच्या माणसालाही जाणवते.

घर विकत घेण्याची वेळ येईल तेव्हा किमतीआधी जमिनीची उंची पाहावी. ब्रिस्बेनमध्ये जानेवारी २०११ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठे पूर आले, टाऊन्सव्हिलमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतरच्या पावसाने केर्न्सच्या उत्तरेकडील वस्त्यांत पाणी शिरले. आपल्याकडे पूररेषा पाहिल्याशिवाय जाणकार माणूस नदीकाठी घर घेत नाही, तीच दक्षता इथे घ्यावी. ब्रिस्बेनची नगरपालिका प्रत्येक मालमत्तेचा पूरविषयक अहवाल विनामूल्य देते आणि इतर नगरपालिकांचेही नकाशे उपलब्ध असतात. ऑगस्ट २०२५ पासून विक्रेत्याला काही माहिती लेखी उघड करणे बंधनकारक झाले असले, तरी पुराचा इतिहास त्यात येत नाही. तो आपणच शोधायचा असतो. त्याच पत्त्यावर दोन-तीन विमा कंपन्यांचे दर करारावर सही करण्याआधी मागवावेत, कारण उत्तर क्वीन्सलँडमध्ये विम्याचा वार्षिक हप्ता घराच्या हप्त्याचे गणित बिघडवू शकतो, आणि पूर विम्यात धरलेला आहे की वगळलेला, हे शब्दशः वाचावे. १९७४ साली ट्रेसी वादळाने डार्विन उद्ध्वस्त केल्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, म्हणून वादळी पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बांधलेले घर त्याआधीच्या घरापेक्षा अधिक भरवशाचे समजतात. जुने घेतलेच तर छपराची बांधणी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. वाळवी सगळ्या राज्यात आहे, तेव्हा बांधकाम आणि कीड यांची तपासणी ही खरेदीची अट म्हणून करारात लिहून घ्यावी. करारानंतर विचार बदलण्यासाठी क्वीन्सलँडमध्ये कामकाजाचे पाच दिवस मिळतात, पण लिलावात घेतलेल्या घराला ही सवलत नाही.

मेलबर्नमध्ये स्वतःचे घर असेल तर ते लगेच विकू नये. दुसरे घर मुख्य निवास म्हणून दाखवले नाही, तर भाड्याने दिलेले पहिले घर सहा वर्षांपर्यंत मुख्य निवास मानून भांडवली नफ्यावरील करातून सूट घेता येते. मात्र व्हिक्टोरियाचा जमीन कर त्या घराला लागू होतो, म्हणून हिशेब करसल्लागाराकडून करून घ्यावा.

सामान हलवण्यासाठी डिसेंबर-जानेवारीची तारीख हवी असेल तर ट्रक दोन-तीन महिने आधी ठरवावा. तारखेचा आग्रह नसेल तर परतीच्या ट्रकमधली रिकामी जागा, म्हणजे बॅकलोडिंग, पुष्कळ स्वस्त पडते. कुंड्यांतली झाडे न्यायचा मोह टाळावा. लिंबू, केळी, द्राक्ष यांची रोपे क्वीन्सलँडमध्ये नेण्यावर निर्बंध आहेत, आणि जिवापाड वाढवलेला कढीपत्ताही लिंबाच्याच कुळातला असल्याने तो मेलबर्नमधल्या एखाद्या मैत्रिणीला देऊन जावे. तिकडे लावलेले रोप काही वर्षांत घरापेक्षा उंच होते. घरात ससा पाळलेला असेल तर मुलांना फार आधी सांगावे, कारण क्वीन्सलँडमध्ये ससा पाळणे बेकायदा आहे आणि दंडही जबर आहे. कुत्रा नेता येतो, पण १९३५ साली केर्न्सजवळ सोडलेले केन टोड हे विषारी बेडूक आता राज्यभर पसरले आहेत, तेव्हा रात्री त्याला अंगणात मोकळे सोडू नये. गाडीने जाणाऱ्यांनी शेपर्टन, पार्क्स, डबो, मोरी या वाटेने न्यूवेल हायवे धरावा, वाटेत दोन मुक्काम करावेत आणि कांगारूंमुळे अंधार पडल्यावर गाडी चालवू नये.

पोहोचल्यावर गाडीची नोंदणी १४ दिवसांत आणि वाहन परवाना तीन महिन्यांत बदलावा लागतो. नोंदणीसाठी गाडीचे सुरक्षा प्रमाणपत्र लागते, आणि जुन्या नंबरपाट्या परत केल्यावर व्हिक्टोरियातील उरलेल्या नोंदणीचे पैसे परत मिळतात. रुग्णवाहिकेचे व्हिक्टोरियातील सदस्यत्व पत्ता बदलल्यावर बंद करावे, कारण क्वीन्सलँडच्या रहिवाशांना रुग्णवाहिका विनामूल्य असते. ब्रिस्बेन आणि आग्नेय भागात वीज कंपनी निवडता येते. त्यापलीकडे बहुतेक ठिकाणी एर्गॉन ही सरकारी कंपनीच असते. नव्या भागातला फॅमिली डॉक्टर मात्र पहिल्याच आठवड्यात शोधावा, कारण लहान गावांत बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत आणि आजारी पडल्यावर शोधायला निघालेल्याची फार ओढाताण होते.

दिवसाची घडी बदलावी लागते, आणि निवांतपणा खरा अनुभवायचा असेल तर ती मनापासून बदलावी. डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला पाच वाजण्याआधीच सूर्य उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो, मेलबर्नसारखी रात्री नऊपर्यंतची संध्याकाळ तिथे नाही. लोक पहाटे पाचला समुद्रावर फिरतात, मुलांचे खेळ सकाळी उरकतात आणि दुपारी घरात राहतात. शाळेत टोपी नसेल तर मुलाला मैदानावर सोडत नाहीत. सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही हा आपल्याकडचा समज बाजूला ठेवून घरातल्या सर्वांनी उन्हाचे मलम वापरावे.

मुलांना पोहणे शिकवण्याची सुरुवात मेलबर्नमध्येच करावी, कारण तिथे वाढदिवसही तलावाकाठी किंवा समुद्रावरच होतात. सनशाइन कोस्टवर पाच वर्षांपुढच्या मुलांना रविवारी सकाळी ‘निपर्स’मध्ये, म्हणजे समुद्रावरच्या जीवरक्षक क्लबांच्या मुलांच्या वर्गात, घालावे, खोल समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह कसा ओळखावा आणि त्यातून कसे सुटावे, हे मुले तिथे खेळता खेळता शिकतात, आणि आई-वडिलांच्याही ओळखी तिथेच होतात. कुठेही पोहायचे ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. उत्तरेकडे नोव्हेंबर ते मे या काळात जीवघेण्या जेलीफिशमुळे जाळी लावलेल्या जागीच पाण्यात उतरतात आणि तेही पूर्ण अंगाचा पोशाख घालून. ग्लॅडस्टन या किनाऱ्यावरील शहराच्या दक्षिणेला असलेल्या बॉइन नदीपासून उत्तरेकडे मगरींचा प्रदेश सुरू होतो, तिथे खाडीत किंवा नदीच्या काठावर मुलांना एकटे सोडू नये. वादळाचा मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, म्हणून ऑक्टोबर संपण्याआधी तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, कोरडे खाणे, औषधे, विजेरी आणि बॅटरीवरचा रेडिओ एका पेटीत भरून ठेवावा, आपले घर भरतीच्या लाटेच्या कोणत्या विभागात येते ते नगरपालिकेच्या नकाशावर पाहून घ्यावे आणि पासपोर्ट, व्हिसा व जन्मदाखले पाणी न शिरणाऱ्या पिशवीत त्याच पेटीत ठेवावेत.